कौल मतदारांचा, अर्थ पुढाऱ्यांचा!



ब्रिटनच्या जनतेने २३ जून २०१६ या दिवशी एका शब्दाचे उत्तर दिले, आणि त्या एका शब्दावर तिथल्या पुढाऱ्यांनी अठरा पुराणे रचली! युरोपियन युनियनमध्ये राहायचे की बाहेर पडायचे, एवढाच सवाल होता. जनतेने सांगितले, बाहेर पडायचे. दुसऱ्या दिवशी उजाडले नाही तोच जो तो उठला आणि सांगू लागला, "जनतेच्या मनात काय होते ते आम्हाला विचारा!" पुढची साडेतीन वर्षे त्या देशात दुसरा धंदा झाला नाही. तीन पंतप्रधान झाले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, पार्लमेंटात रात्र रात्र मतदान झाले. आणि भांडण कशाचे? तर लोकांना काय हवे होते याचे. ज्या लोकांना हवे होते ते मात्र आपापल्या गावी चहा पीत हा तमाशा पाहत होते.

तुम्ही म्हणाल, सायबाच्या देशातले हे लफडे आमच्यापुढे कशाला? लालबाग-परळचे भोंगे थांबले, गिरणीच्या जागी टॉवर उभे राहिले. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात मागावर उभ्या असलेल्या गड्याला आठवड्याचा पगार कसा पुरवायचा याची चिंता. त्याला ब्रिटनचे काय?

आहे. एक तर त्या कौलात सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती कापडगिरण्यांच्या गावांची. मॅन्चेस्टरच्या आसपासची, आपल्या गिरण्यांची थोरली भावंडे असलेली जी गावे, त्यांच्या मताचा अर्थ लावण्यात पंडितांनी कागदाचे डोंगर खर्ची घातले. आणि दुसरे म्हणजे मत आपले आणि अर्थ दुसऱ्याचा, हा खेळ कामगाराशी जगात सगळीकडे खेळला जातो. तो कसा खेळतात हे एकदा उजेडात पाहून ठेवलेले बरे.

कौल काय होता?

आधी आकडे पाहू. आकडे कुणाच्या बापाचे नसतात.

बाहेर पडावे म्हणणारे १ कोटी ७४ लाख १० हजार ७४२. राहावे म्हणणारे १ कोटी ६१ लाख ४१ हजार २४१. शंभरात सुमारे बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस. फरक पावणेतेरा लाखांच्या आतला. शंभरातले बहात्तर मतदार मतदानाला आले. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. स्कॉटलंडात शंभरात बासष्ट आणि उत्तर आयर्लंडात जवळजवळ छप्पन्न लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे एका राज्यात चार देश आणि कौल दोन!

मत कुणाला होते तेही पाहा. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी माणसाला, भारताचा पासपोर्ट असला तरी, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होते. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या पोलंडच्या कामगाराला नव्हते. आणि ज्याच्या पोटापाण्याचा निकाल लागायचा तो तर हाच! सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात मत होते, इथे नव्हते.

मतपत्रिकेवर दोन चौकटी होत्या. राहणे, बाहेर पडणे. बाहेर पडून कुठे जायचे ही चौकट तिच्यावर नव्हती. युनियन सोडायची, पण तिची सामाईक बाजारपेठ ठेवायची का? नॉर्वे युनियनमध्ये नाही, तरी त्या बाजारपेठेत आहे. का बाजारपेठही सोडायची आणि फक्त जकात संघ ठेवायचा? का सगळेच तोडून परक्यासारखे दारात उभे राहायचे? माल कसा जाईल, माणूस कसा येईल, आयर्लंडच्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या सरहद्दीवर पुन्हा चौक्या बसतील की काय? यातला एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता.

कोकणातल्या मंडळींना आम्ही कौल शिकवायला नको. देवळात मूर्तीला कळे लावतात, गाऱ्हाणे घालतात. उजवीकडचा कळा पडला तर उजवा कौल, डावीकडचा पडला तर डावा. देवाला प्रश्न एकच घालायचा, आणि तोही असा घालायचा की हो-नाहीत उत्तर मिळेल. "पोरीचे लग्न या वर्षी करू का?" असे विचारावे. देवाने उजवा दिला. आता त्यावरून कुणी उठून म्हणाला की देवाने मुलगाही ठरवला, मांडव कुठे घालायचा तेही सांगितले आणि जेवणाचा ठेका माझ्या मेव्हण्याला द्यायला सांगितला, तर गाव त्याला काय म्हणेल? ब्रिटनमध्ये झाले ते हेच. कळा एक पडला, आणि प्रत्येक पुढाऱ्याचा मेव्हणा ठेक्याला पुढे आला!

अर्थ लावणाऱ्यांची जत्रा

सार्वमत बोलावणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून स्वतः राहण्याच्या बाजूचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याची घोषणा केली. त्यांच्या जागी थेरेसा मे आल्या आणि म्हणाल्या, ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट. ऐकायला ठणठणीत! पण अर्थ? भाकरी म्हणजे भाकरी म्हटल्याने ती ज्वारीची की नाचणीची हे कळते काय? जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाऊसच्या भाषणात बाईंनी आपला अर्थ सांगितला. सामाईक बाजारपेठ सोडायची आणि जकात संघही आज आहे तसा ठेवायचा नाही. असे करण्यामागे धोरण असेल, विचार असेल, पण तो बाईंचा विचार. जनतेने तो मतपत्रिकेवर वाचला नव्हता.

दुसरे पंडित म्हणाले, लोकांना परदेशी कामगार नको आहेत, बाकी कशाशी त्यांना कर्तव्य नाही. तिसरे म्हणाले, लोकांना फक्त कारभार आपल्या हाती हवा आहे, व्यापार होता तसा राहू द्या. चौथे म्हणाले, लोक फसले हो! लाल बसवर लिहिले होते की युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आपल्या सरकारी दवाखान्यांना देऊ. तो आकडा दिशाभूल करणारा होता, असे सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानेच सांगितले होते. तेव्हा हा कौलच खोटा! आणि पाचवे तर गणितीच निघाले. म्हणाले, एकूण मतदार साडेचार कोटींवर. त्यातले बाहेर पडा म्हणणारे शंभरात सदतीस. म्हणजे त्रेसष्ट लोकांना बाहेर पडायचे नव्हते!

वा रे गणित! जे सव्वा कोटीहून अधिक लोक मतदानाला आलेच नाहीत, त्यांची मते तुमच्या खिशात कुणी घातली? घरी बसलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणे आणि मत दिलेल्याच्या तोंडी आपले शब्द घालणे, ही एकाच हाताची लबाडी आहे. बसवरच्या आकड्याचेही तेच. तो फसवा होता, हे आम्ही ठासून सांगतो. पण त्या एका आकड्यावर पावणेदोन कोटी माणसे भुलली असे जो म्हणतो, त्याने त्यातल्या कितीजणांच्या ओटीवर बसून विचारले?

ज्यांनी विचारले त्यांचे ऐका. मतदानाच्या दिवशी लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या पाहणीत मत देऊन आलेल्या बारा हजारांहून अधिक लोकांना कारण विचारले गेले. बाहेर पडा म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की आमच्या देशाचे निर्णय आमच्या देशात व्हावेत, हे आमचे मुख्य कारण. सुमारे तिसऱ्या हिश्श्याने सांगितले की बाहेरून येणाऱ्या माणसांवर आणि आपल्या सरहद्दीवर पुन्हा ताबा मिळावा. उरलेल्यांची कारणे आणखी वेगळी. म्हणजे एका चौकटीत फुली मारणारे हातच निरनिराळ्या कारणांनी आले होते. दादरच्या स्टेशनावर एका गाडीतून हजार माणसे उतरतात. म्हणून ती सगळी एकाच घरी निघाली, असे कुणी म्हणते काय?

गिरणीच्या गावांचे मत

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. लँकेशायर! या नावावर आपल्या कापडधंद्याचा निम्मा इतिहास उभा आहे. तिथल्या कापडाने आपला हातमाग मोडला, आणि पुढे तिथल्याच यंत्रांवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथल्या डार्वेन गावी गेले होते. आपल्या बहिष्काराने ज्यांचे माग थंडावले त्या कामगारांनीच त्यांचे स्वागत केले. कामगार कामगाराला ओळखतो, तो असा.

त्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या आधी मेल्या. आणि २०१६ साली त्या गावांनी काय केले? बर्नलीत शंभरातल्या जवळजवळ सदुसष्टांनी बाहेर पडण्याला मत दिले. ओल्डहॅममध्ये एकसष्ट, रॉचडेलमध्ये साठ, बोल्टनमध्ये अठ्ठावन्न, गांधीजींच्या त्या डार्वेनसह ब्लॅकबर्नमध्ये छप्पन्न. झाले! पंडितांना सूत्र सापडले. गिरणी बंद, पोटात राग, डोक्यात अंधार, म्हणून मत बाहेर. कुणी कळवळ्याने म्हणाले, "बिचारे मागे पडलेले लोक." कुणी नाक मुरडून म्हणाले, "अडाणी लोक, यांना मत कशाला विचारले?"

हे "बिचारे" आणि हे "अडाणी", दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. आपल्याकडे १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा सही न येणाऱ्या माणसाला मत कशाला, असे म्हणणारे शहाणे कमी नव्हते. कामगाराने मालकाच्या सोयीचे मत दिले तर तो समजूतदार. गैरसोयीचे दिले तर त्याला कुणी तरी भडकावले. तो स्वतः विचार करतो हे या लोकांच्या हिशोबात बसतच नाही!

आणि सूत्र तरी खरे आहे काय? त्याच लँकेशायरची राजधानी म्हणावी ते मॅन्चेस्टर शहर. तिथे शंभरातल्या साठांनी राहण्याला मत दिले. यॉर्कशायरातली लोकरीच्या धंद्याची दोन जुळी शहरे, लीड्स आणि ब्रॅडफर्ड. लीड्स काठावर राहण्याकडे झुकले, ब्रॅडफर्डात चौपन्न बाहेर पडण्याकडे. स्कॉटलंडचे डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचे गाव, आपल्या कलकत्त्याच्या तागगिरण्यांची आई. तिथल्याही गिरण्या बंद. तिथे जवळजवळ साठांनी राहण्याला मत दिले. आणि गंमत पाहा, ग्लासगो या कामगार शहरात राहण्याला जितके टक्के मते पडली तितकीच बर्नलीत बाहेर पडण्याला पडली. दोन्हीकडे ६६.६! सगळीकडे गिरण्या बंद, सगळीकडे बेकारीचे घाव, आणि मत मात्र निराळे. मग बंद गिरणीचे मत ते कुठले?

आम्ही असे म्हणत नाही की गिरणी बंद पडल्याचा मतावर परिणाम होत नाही. होतो, का होणार नाही? चूल विझली की माणूस जगाकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहतो. पण चूल विझलेल्या हजार घरांत हजार विचार चालतात. मोठ्या संपानंतर आपल्याच चाळीत काय झाले ते आठवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे कुणी गावी गेला, कुणी रिक्षा धरली, कुणी भाजीची पाटी, कुणी पक्ष बदलला, कुणी राजकारणाचे नावच टाकले. एकाच खात्यातले, एकाच पाळीतले दोन मित्र एकाच निवडणुकीत दोन निशाण्यांवर शिक्का मारून आले. आता बाहेरच्या पंडिताने लिहिले की गिरणी कामगाराला अमुकच हवे होते, तर तुम्ही हसाल की रडाल?

हा नुसता वादाचा विषय राहिला नाही. मतदानाला आठवडा उरला असताना, १६ जून २०१६ ला, जो कॉक्स या बाई पार्लमेंट सदस्याचा भर रस्त्यात खून झाला. राहण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्या बाई. मतदारसंघ बॅटली, जुन्या चिंध्यांपासून लोकरी कापड करण्यासाठी एके काळी गाजलेले गाव. मारेकरी वंशद्वेषाने पेटलेला होता. देशाच्या नावाने बोलण्याचा मक्ता आपल्यालाच मिळाला आहे असे मानणारा माणूस दुसऱ्या बाजूचा माणूस जिवंतही सहन करीत नाही. म्हणून हा मक्ता कुणालाच देता कामा नये.

पार्लमेंटात उघडे पडले

एवढे करून पार्लमेंटाला तरी कौलाचा अर्थ कळला काय? मेबाईंनी युरोपशी करार करून आणला. १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. मार्चमध्ये पुन्हा आणला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला. मधल्या काळात २७ मार्चला सभासदांनी आठ निरनिराळे मार्ग मांडले आणि एकेकावर मते घेतली. आठांपैकी एकालाही बहुमत नाही! १ एप्रिलला त्यातले चार पुन्हा मांडले, चारही पडले. जकात संघाचा ठराव २७३ विरुद्ध २७६, अवघ्या तीन मतांनी पडला.

यातून काय सिद्ध झाले? "बाहेर पडणे" ही एक गोष्ट नव्हतीच. ती चार-पाच गोष्टींची गाठोडी होती, आणि गाठोडे न सोडता त्यावर मते घेतली होती. नको म्हणायला सगळे एक. काय हवे म्हटले की प्रत्येकाची चूल वेगळी!

अखेर बोरिस जॉन्सन आले. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत "ब्रेक्झिट उरकून टाका" ही त्यांची हाक. शंभरातली चव्वेचाळीसच्या आत मते आणि ३६५ जागा मिळाल्या. बर्नलीने शंभराहून अधिक वर्षांनी हुजूर पक्षाचा माणूस निवडून दिला. पुन्हा पंडित धावले: गिरणीगावांनी मजूर पक्ष कायमचा सोडला! २०२४ साली त्याच बर्नलीने मजूर पक्षाचा माणूस निवडून दिला. मतदार कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो, हे पंडितांना दर पाच वर्षांनी नव्याने शिकावे लागते.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले. जॉन्सनसाहेबांच्या करारात तपासणी आयर्लंडच्या जमिनीवरून उचलून समुद्रावर नेली. म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेले ब्रिटन यांच्यामध्ये, एकाच देशाच्या पोटात! राहा म्हणणाऱ्यांना हे नको होते. बाहेर पडा म्हणणाऱ्या कुणी तरी हे मागितले होते काय? आणि ज्यांचे मुख्य कारण बाहेरून येणारी माणसे हे होते, त्यांचे काय झाले? युरोपातून येणारे घटले, पण इतर देशांतून येणारे इतके वाढले, आणि त्यात आपल्या भारतातले पुष्कळ, की येणाऱ्या आणि जाणाऱ्यांमधला वर्षाचा फरक २०२३ साली नऊ लाखांच्या वर गेला. पुढे तो उतरला. पण ज्यांच्या नावाने सगळे चालले होते, त्यांना मधल्या काळात कुणी विचारले नाही की बाबांनो, तुमचे म्हणणे हेच ना?

आपल्या अंगणातला कौल

परक्याच्या घरातला केर दाखवायचा आणि आपला झाकायचा, हे आम्हाला जमणार नाही. असाच एक कौल आपल्या दारात झाला आहे, आणि तो मराठी मनाला झोंबलेला आहे. गोव्याचा.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, कार्यक्रमात विलीनीकरण. अर्थ लावणाऱ्यांनी लावला: गोव्याला महाराष्ट्रात यायचे आहे. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणाला, असे नाही, जनतेला थेट विचारा. १६ जानेवारी १९६७ ला विचारले. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी विलीनीकरण हरले.

झाले, पुन्हा अर्थ! कुणी म्हणाले, हा मराठीचा धिक्कार. कुणी म्हणाले, हे फक्त ख्रिस्ती मत. पण ख्रिस्ती समाज लोकसंख्येत निम्म्याहून कमी. मग दोन पानांना बहुमत आले कुठून? आणि हा बांदोडकरांचा पराभव म्हणावा, तर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्यांच्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा दिल्या! भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे मतदार सांगत होता की भाऊ, कारभार तूच कर, पण घर वेगळे राहू दे. दोन प्रश्नांना दोन उत्तरे. आणि ती दोन्ही किती स्वच्छ! गोंधळ मतदाराच्या डोक्यात नव्हता. एका प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढणाऱ्यांच्या डोक्यात होता.

त्या मतपत्रिकेवरही एक चौकट नव्हती. गोवा स्वतंत्र राज्य व्हावे काय, हे कुणी विचारले नव्हते. फूल घ्या नाही तर पाने घ्या. ते राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडावा लागला. संयुक्त महाराष्ट्राची आस असलेल्यांना १९६७ चा निकाल कडू लागला. लागणारच. पण तो निकाल महाराष्ट्राने मानला, गोव्याच्या वेशीवर कुणी दांडगाई करायला गेले नाही. लोकांच्या इच्छेने प्रांत व्हावेत असे म्हणणाऱ्यांना लोकांची इच्छा आपल्याविरुद्ध गेली तरी मानावीच लागते. नाही तर ते तत्त्व कसले?

मग कौलाला अर्थच नाही काय?

इथे एखादा म्हणेल, तुमच्या म्हणण्याप्रमाणे कौलाला काही अर्थच उरत नाही. मग मते कशाला घ्यायची? असे नाही, गड्यांनो. जे विचारले त्याचे उत्तर कौलात असते, आणि ते बंधनकारक मानलेच पाहिजे. कायद्याने ते सार्वमत सल्ल्यापुरते होते, हे खरे. पण लोकांना "तुम्ही ठरवा" म्हणून बोलवायचे आणि ठरवल्यावर "तुम्ही नुसता सल्ला दिलात" म्हणायचे, ही थट्टा झाली. ब्रिटनने बाहेर पडणे हे त्या कौलाचे फळ. ते नाकारणे म्हणजे मतदाराच्या तोंडावर दार लावणे. पण कोणत्या रस्त्याने, किती दूर, कुणाच्या खिशातून, हे कौलात नव्हते. ते ज्याने ठरवले त्याने आपल्या नावावर ठरवावे, जनतेच्या नावावर नाही.

आणि रस्ता विचारता येतो! ज्यांना विचारायचे होते त्यांनी विचारला आहे. न्यूझीलंडने निवडणुकीची पद्धत बदलायची होती तेव्हा १९९२ साली आधी विचारले, बदल हवा काय? आणि हवा तर या चारांतला कोणता? लोकांनी निवड केली. मग १९९३ साली जुनी पद्धत आणि निवडलेली नवी पद्धत समोरासमोर ठेवून पुन्हा विचारले. नवी जिंकली आणि पुढच्या निवडणुकीपासून लागू झाली. स्कॉटलंडने १९९७ साली स्वतःची विधानसभा मागितली, तेव्हा सरकारने योजना आधी छापून लोकांच्या हाती दिली आणि प्रश्न दोन ठेवले. विधानसभा हवी काय? तिला कर बदलण्याचा अधिकार हवा काय? दोन्हींना होकार आला, पण टक्केवारी वेगळी. पहिल्याला चौऱ्याहत्तर, दुसऱ्याला त्रेसष्ट-चौसष्ट. लोक वाचतात, तोलतात, वेगवेगळे उत्तर देतात. त्यांना गाठोडे न देता जिन्नस दाखवला तर!

कामगारांनो, हे गाठीला बांधा

आम्ही ब्रिटनच्या कुठल्याही पक्षाची वकिली करायला ही पाने छापलेली नाहीत. आमचे सांगणे तुम्हाला आहे. उद्या तुमच्यापुढेही असा कागद येईल. करारावर मत, संपावर मत, चाळीच्या पुनर्विकासाला संमती, निवडणुकीचा शिक्का. कुणी म्हणेल, फक्त हो म्हणा, बाकी आम्ही पाहून घेतो. त्या "बाकी"तच सगळे असते! चाळ पाडायला हो म्हटले म्हणजे किती फुटांची खोली, कोणत्या मजल्यावर, किती वर्षांत, मधल्या काळात भाडे कोण देणार, यालाही हो म्हटले काय? नाही! मग शिक्का मारण्याआधी विचारा: कागदावर काय लिहिले आहे? जे लिहिलेले नाही ते कोण ठरवणार? आणि ठरवून झाल्यावर आमच्यापुढे पुन्हा आणणार की नाही?

आणि निकाल लागल्यावर व्यासपीठावरून कुणी गर्जना केली की कामगारांना हेच हवे होते, तर तो कितीही मोठा असो, आमच्याच बाजूचा असो, द्वारसभेत हात वर करून विचारा, "साहेब, आम्ही हे कधी म्हटले? कुठल्या कागदावर?"

शेजारच्या गाळ्यातल्याने वेगळे मत दिले म्हणून त्याला गद्दार म्हणू नका, अडाणीही म्हणू नका. त्याच्याकडे जा, बसा, विचारा, "बाबा, तू असे का केलेस?" मतदाराच्या मनात काय होते हे जाणण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून निघालेला नाही, आणि बर्नलीत काय नि बेळगावात काय, पुढारी लोक याच मार्गाने जायला सगळ्यात जास्त कंटाळतात.

मत आपले आहे. त्याचा अर्थही आपणच सांगू!